घरचं एक माणूस

आमच्या घराला कुलूप कधी लागलंच नाही. श्रीमंती म्हणून नव्हे, बरं का! छाणीकडे नाल्याकाठी आमची वस्ती. ती कधी ना कधी पाडणार, हे सगळ्यांना ठाऊक. पाडण्याआधी घरं मोजायला पालिकेचे मापणीवाले येणार, आणि ते केव्हा येतील हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. दारात घरचं माणूस दिसलं तर बदल्यात पक्क्या घराचा हक्क. दार बंद दिसलं की भिंतीवर खडूची फुली, खेळ खलास. म्हणून आम्ही सगळे मिळून कुठे गेलोच नाही. ना गावी, ना जत्रेला. एक जण कायम घरात.

माझं लग्न मांडवीजवळच्या हॉलमध्ये होतं. आदल्या संध्याकाळी बातमी आली, उद्या मापणी. शेजारच्या गुजराती मावशी म्हणाल्या, “तमे जाओ बेन, हुं बेठी छुं ने!” पण घरच्यांऐवजी दारात शेजारी बसलेले चालत नाहीत. बाबा आणि भाऊ तर मांडवात हवेत. राहिली आई.

सकाळी नवी साडी नेसून ती उंबऱ्यात बसली. माझं डोकंच फिरलं.

“जळलं मेलं ते घर! माझ्यापेक्षा ते मोठं का?”

“वेडाबाई,” ती म्हणाली, “घर गेलं तर माहेरपणाला कुठे येशील? नाल्यात?”

कन्यादान काका-काकूंनी केलं. मापणीवाले आले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. माझी मुलगी आता शाळेत जाते.

बाबा गेल्यापासून त्या घरात आई आणि भाऊ दोघंच. गेल्या आठवड्यात आईचं पोटाचं ऑपरेशन ठरलं आणि नेमकी तीच बातमी पुन्हा आली. भाऊ तिच्याबरोबर दवाखान्यात. मग मी वासण्याहून, सासरहून आले आणि दारात बसले. लग्न झालेली मुलगी घरची धरतात की नाही, देव जाणे. पण उठायची हिंमत होईना. तिकडे तिला भूल देत असतील आणि मी इथे रस्त्याकडे बघत बसलेय. इतका संताप आला, की रडूच फुटलं.

दुपारी भावाचा फोन आला. “शुद्धीवर आलीय. बोल.”

आईचा आवाज अगदी बारीक झाला होता. “दार उघडं आहे ना गं?”

“आहे. मी बसलेय ना.”

“मग झोपते जरा,” ती म्हणाली.