माझ्या नावानं आलेला वजीफा

अंबडच्या जनाना दवाखान्यात नोकरीला लागून मला दीड वर्ष झालं होतं, तेव्हा हैदराबादहून ते सरकारी पत्र आलं. पत्र उर्दूत होतं. माझं डॉक्टरीचं शिक्षण उर्दूतच झालेलं, पण कचेरीची उर्दू वेगळी असते. मी दोनदा वाचलं, नीट अर्थ लागेना, म्हणून घरी नेऊन वडिलांच्या हातात दिलं. ते अंबडच्या कोर्टात वकील होते आणि त्यांचा जन्म असल्या कागदांत गेलेला.

त्यांनी चष्मा पुसून शेवटपर्यंत वाचलं.

"रियासतीतल्या लेडी डॉक्टरांसाठी एकच वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, आहे," ते म्हणाले. "मनाच्या आजारांचं शिक्षण घ्यायला. एक वर्ष जालन्याच्या दवाखान्यात, दुसरं वर्ष विलायतेत. अन् तो तुला मंजूर झालाय."

"पण दादा, मी अर्जच केला नाही."

"अर्ज केल्याबिगर सरकार काही देत न्हाई. मी इतकी वर्षं बघून राह्यलो."

"खरंच नाही केला."

"मंग कोणी केला?"

ते मला कुठं ठाऊक होतं? मला बाळंतपणं चांगली जमत, जखमा शिवता येत. मनाच्या आजारांवर परीक्षेपुरतं पाठ केलेलं, तेही विसरले होते.

जालन्याचा दवाखाना म्हणजे वेड्यांचा, एवढं आमच्याकडं लहान पोरांनाही माहीत. कोणी फार डोकं खाल्लं की म्हणायचं, याला जालन्याला पाठवा. त्यामुळं चुलीपाशी बसलेल्या आईनं ऐकलं ते एवढंच, की सरकार लेकीला जालन्याला पाठवून राह्यलंय.

"तुला तिथं ठेवणार का?" तिनं हळूच विचारलं.

"ठेवणार नाहीत. शिकायला जायचंय."

"वेड्यांपासून काय शिकायचं असतं?"

 चार दिवसांत गावात बातमी झाली की वकीलसाहेबांच्या डॉक्टर लेकीच्या डोक्यावर परिणाम झाला. तेव्हा शहागडच्या एका घरी माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. मुलाच्या मामांनी फार सभ्य शब्दांत निरोप पाठवला: मुलीचा इलाज पुरा होऊ द्या, मंग बघू. वडील हसले.  मला वाईट वाटलं की सुटल्यासारखं वाटलं, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

तिसऱ्यांदा पत्र वाचताना मला एक शंका आली. आमच्या वर्गात माझ्याच नावाची आणखी एक मुलगी होती, बीदरकडची. तिचं आडनाव उर्दूत लिहिलं की माझ्या आडनावाहून एका नुक्त्याचा, म्हणजे एका टिंबाचा फरक. हजेरी घेताना मास्तर अडखळायचे आणि आम्ही दोघी उभ्या राहायचो. ती फार हुशार. मनाच्या आजारांच्या तासाला सगळा वर्ग पेंगायचा, तेव्हा ती प्रश्न विचारायची. वजीफा तिचा असणार, हे माझ्या मनानं घेतलं.

वडिलांनी भिंग आणून ते आडनाव पुन्हा पुन्हा पाहिलं.

"टिंब एक हाय का दोन, लिहिणाऱ्यालाच ठाऊक," ते म्हणाले. "कोर्टात मी दोन्हीकडून भांडलो असतो. पण पत्ता तर अंबडचा टाकलाय."

"नाव वाचून कोणी तरी पत्ता काढला असेल."

"असंबी होऊ शकतं."

मी त्या बीदरच्या मैत्रिणीला तिच्या माहेरच्या पत्त्यावर पत्र टाकलं. तिचं लग्न झालेलं, सासर कुठलं ते मला माहीत नव्हतं. हैदराबादला आमच्या एक बाई होत्या, आम्हाला शिकवायच्या, सगळ्या त्यांना आपा म्हणायच्या. त्यांनाही लिहिलं. दोघींकडून उत्तर येईना आणि रुजू व्हायचा दिवस आला. वडील म्हणाले, "हजर तर हो. गैरहजर माणसाचं कोणी ऐकत न्हाई." मी ट्रंक भरली आणि जालन्याच्या मोटारीत बसले.

तिथले मोठे डॉक्टर वयस्क मुसलमान गृहस्थ होते, बोलणं मऊ. बायकांच्या बाजूला पुरुष डॉक्टरनं फार वेळ थांबणं बरं दिसत नसे. म्हणून हा वजीफा निघाला होता, असं त्यांनी मला समजावलं. मग विचारलं, "आपण हे शिक्षण का पसंत केलं?"

"साहेब, मी पसंत केलं नाही. बहुतेक काही गफलत झाली आहे."

ते कौतुकानं हसले. त्यांना तो माझा विनय वाटला. त्यानंतर दोनदा मी तेच सांगितलं आणि दोन्हीदा ते तसंच हसले. मग मी सांगायचं सोडलं.

बायकांच्या बाजूला चाळीसेक जणी होत्या. काहींना मी काय विचारायचं तेच कळत नसे. नाडी बघायची, जीभ बघायची, मग पुढं? पुस्तकं इंग्रजीत, पेशंट मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू बोलणाऱ्या, आणि कागद सगळे उर्दूत. पहिला महिना मी सकाळी फेरी मारायची आणि दुपारी माझ्या खोलीत नुसती बसायची.

त्यांच्यातली एक आमच्याच अंबड तालुक्यातली होती, अंतरवालीच्या वाटेवरच्या एका खेड्यातली. वय वीस-बावीस. जेवायची नाही, झोपायची नाही, भिंतीवर कपाळ घासून घासून तिथं घट्टा पडलेला. हजेरीला नाव पुकारलं की उठायची आणि म्हणायची, "मी ती न्हाई."

"रोज हेच म्हणून राह्यली," आया मला म्हणाली. "नाव घेतलं की, मी ती न्हाई."

"मग तुम्ही कोण?" मी तिला विचारलं.

"मी तिची धाकली बहीण. तिला सोडून मलाच आणलं."

कागदावर असं काही नव्हतं. नवऱ्याचं नाव, गाव, जात, आजार किती दिवसांचा, एवढंच. दुसऱ्या कोणी ऐकलं असतं तर भ्रम म्हणून सोडून दिलं असतं. पुस्तकात तसाच भ्रम दिलेला होता. पण मी स्वतः दुसरीच्या नावाच्या कागदावर तिथं बसले आहे असं माझ्या मनात पक्कं होतं, त्यामुळं मला ते सोडवेना. खरंच चुकून दुसरीला आणलं असेल तर?

मी मोठ्या डॉक्टरांची परवानगी काढली आणि सुट्टीत अंबडला गेले. वडील सोबत आले. एका पक्षकाराच्या बैलगाडीतून आम्ही त्या खेड्यात पोचलो तेव्हा कापसाची वेचणी चालली होती. तिचा नवरा रानातून आला, हात धुतले, आम्हाला घोंगडी टाकून दिली. चांगला, खाऊन-पिऊन सुखी असलेला शेतकरी. त्याची म्हातारी आई दारात येऊन बसली.

"तुमच्या बायकोला बहीण आहे का?" मी विचारलं.

"व्हती," तो म्हणाला. "थोरली. तीच माझी पैली बायको. दुसऱ्या बाळंतपणात गेली, पैलं लेकरू राह्यलं. मंग सासऱ्यानं धाकली दिली."

"आणि धाकटीचं नाव काय?"

त्यानं नाव सांगितलं. मी कागद उलगडला. कागदावर ते नाव नव्हतं.

"हे कागदावरचं कोणाचं?"

"ते थोरलीचं," तो म्हणाला आणि आईकडं बघू लागला.

म्हातारी म्हणाली, "लग्नात नाव बदलत्यातच की बाई. मीच म्हणलं, तेच नाव ठिवा. लेकराला माय बदलली असं वाटू ने. घरात हाक मारायलाबी जिभेला वळण पडल्यालं."

"तिला विचारलं होतं का?"

"नाव कोणी इचारून ठिवतं का?"

तिच्या बोलण्यात खोट नव्हती. वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. माझंही नाव पुढं लग्नात बदललं असतं आणि मला कोणी विचारलं नसतं. ओसरीच्या खांबाला धरून चारेक वर्षांची एक मुलगी उभी होती. ती म्हणाली, "माही आई कवा यायची?" ती कोणत्या आईबद्दल विचारत होती हे मला कळलं नाही, आणि तिला तरी कळत होतं का, कोण जाणे.

जालन्याला परत येऊन मी मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. 

"मग साहेब, ही आजारी आहे की नाही?"

"आजारी आहे," ते म्हणाले. "जेवत नाही, झोपत नाही. पण तिचं म्हणणंही खरं आहे. दोन्ही लिहा."

मी दोन्ही लिहिलं. त्या दिवसापासून तिला माहेरच्या नावानं हाक मारायची असं मी आयांना सांगितलं. पहिल्या दिवशी तिनं मान वर केली नाही. मला वाटलं फुकट गेलं. तिसऱ्या दिवशी हाकेसरशी म्हणाली, "जी." त्या दुपारी तिनं भाकरीचा चतकोर खाल्ला.

आठवड्यानं ती आपणहून माझ्या खोलीच्या दाराशी आली.

"बाई, एक इचारू का?"

"विचारा."

"समदे तिच्या नावानं मला हाका मारत्यात. ती चुलीपाशी हाय, रानात हाय, लेकरू तिलाच आई म्हणतंय. मंग मेलं कोण?"

मी तिला समोर बसवलं.  मी म्हणाले, "तुमची थोरली बहीण गेली. तुम्ही जिवंत आहात."

ती रडायला लागली. चार-पाच दिवस रडत होती. आया मला म्हणाल्या, बाई, चांगली जेवायला लागली होती, तुम्ही काय सांगून बसलात? मलाही तसंच वाटत होतं. बहीण गेल्यावर तेराव्याच्या आधीच तिच्या लग्नाची बोलणी झाली होती, रडायला तिला वेळच मिळाला नव्हता. पण हे सगळं मी नंतर जुळवलं. त्या दिवसांत मी नुसती घाबरलेली होते.

मग ती हळूहळू सुधारली. झोप लागू लागली, कपाळावरचा घट्टा गेला, दुसऱ्या बायकांच्या वेण्या घालू लागली.

याच सुमाराला दोन्ही पत्रांची उत्तरं आली. मैत्रिणीनं लिहिलं होतं: 'अर्ज मी केलेला नाही. करायची फार इच्छा होती, पण सासरी विचारायची हिंमत झाली नाही. तू केला असशील असं समजून मी मनातून तुझ्यावर थोडी रागावलेही.' म्हणजे तिचाही नव्हता. आपांचं पत्र चार ओळींचं होतं. शिफारस त्यांनीच केली होती. 'तुम्हा दोघींपैकी एकीचं नाव लिहिलं हे नक्की. कोणाचं, ते आता ध्यानात येत नाही. जी गेली तिनं मन लावून शिकावं.'

ते पत्र मी कितीदा वाचलं असेल. रागवावं की हसावं, ठरेना. मैत्रिणीला मी लिहिलं की तुझी इच्छा असेल तर मी वर लिहून कळवते. तिचं उत्तर आलं, 'आता मला दिवस गेले आहेत. तूच शीक आणि मला पत्रातून सांगत जा.' मी सांगत गेले. त्या खेड्यातल्या बाईची हकीकत, नाव न लिहिता, मी तिला सबंध कळवली. तिनं जे प्रश्न विचारले त्यातला एकही मला सुचला नव्हता.

होळीनंतर तो शेतकरी बायकोला न्यायला आला. फाटकापाशी उभं राहून त्यानं सवयीनं हाक मारली, थोरलीच्या नावानं. ती जागची हलली नाही. तो चपापला. मग खाली बघून, लग्नाच्या पंक्तीत नाव घ्यावं तसा लाजत, त्यानं तिचं स्वतःचं नाव घेतलं. ती गाठोडं उचलून निघाली. जाताना मला म्हणाली, "सासू न्हाई म्हणायची ह्या नावानं. पर त्यो तर म्हणला."

पुढं काय झालं ते मला अर्धवटच कळलं. वडिलांनी पक्षकारांकडून ऐकलं की ती घरी नांदते आहे, मुलगी तिला मावशी म्हणू लागली आहे, आणि म्हातारी त्यावरून रोज भांडते. हे चांगलं झालं की नव्या भांडणाला मी कारण झाले, ते त्यांनाही सांगता येईना.

माझं विलायतेचं वर्ष आलंच नाही. आधी सांगितलं की जहाजाची सोय होत नाही. मग रझाकारांचे दिवस आले, मोटारी बंद पडू लागल्या, आईची पत्रं येईनात. मग पोलीस ॲक्शन झाली आणि वजीफा देणारी कचेरीच राहिली नाही. नव्या साहेबांनी माझा मूळ अर्ज मागितला. मूळ अर्ज नाहीच, असं मी खरं ते लिहून पाठवलं. त्यावर काही आलं नाही. कोणी जा म्हणालं नाही, कोणी राहा म्हणालं नाही. अंबडच्या जनाना दवाखान्यातली माझी जागाही भरली गेली होती.

जुने मोठे डॉक्टर हैदराबादला परत निघाले. त्यांचं सामान टांग्यात चढत होतं तेव्हा मी त्यांना विचारलं, "साहेब, आता मी काय करू?"

"सकाळची फेरी झाली का?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

ते टांग्यात बसले. मी बायकांच्या बाजूला गेले. आदल्या संध्याकाळी परभणीकडची एक बाई दाखल झाली होती, सोबतचा भाऊ पायरीवर बसलेला. तो म्हणाला, "ही दोन महिने झाले बोलतच न्हाई, डाक्टरीणबाई." मी त्याला बाहेरच बसायला सांगितलं, आत जाऊन तिच्यासमोर स्टूल ओढलं आणि तिचं माहेर कुठलं ते विचारलं.