दूध आणायला एकटे जातात

ठसका लागला तपासणीच्या बाईंना, आणि उठले कॅप्टन.

शिपायानं पाण्याचा जग टेबलाच्या कुठल्या कोपऱ्यावर टेकवला, ते त्यांनी ऐकून ठेवलंच होतं. एका हाताला जगाचा कान सापडला, दुसऱ्या हाताच्या बोटानं ग्लासची कड शोधली, आणि पाणी पडू लागलं. ग्लास भरत आला की पाण्याचा आवाज बारीक होत जातो; तो पुरता बारीक व्हायच्या आत हात थांबवायचा. एक ग्लास बाईंपुढे, एक शिपायापुढे. थेंब सांडला नाही.

"घ्या मॅडम, सावकाश," असं म्हणून ते किंचित वाकले. उभा जन्म वाकले होते तसेच.

बाईंनी आभार मानले आणि पुन्हा लिहायला घेतलं.

बाहेर बाकावर कॅप्टनची बायको बसली होती. गल्लीत तिला सगळे काकू म्हणतात. काकूंनी विचारलं, "कसं झालं?"

"एकदम व्यवस्थित. फार चांगल्या होत्या बाई."

काकूंनी तिथंच ओळखलं, अंधत्वाचा भत्ता काही मिळत नाही.

नकाराचं पत्र आलं ते लेकीनं रविवारी येऊन वाचून दाखवलं. डोळ्यांच्या दवाखान्याचा कागद अर्जाला जोडलेला होता. नजर नळीएवढी उरली आहे आणि तीही आवळत चालली आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. पण तपासणीच्या बाईंनी कागदापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला होता. अर्जदार समोरच्याच्या नजरेला नजर देऊन बोलतात. अर्जदारांनी जागेवरून उठून, मदतीशिवाय, दोन ग्लास पाणी न सांडता ओतले. सबब भत्ता देता येत नाही.

"हात दाखवून अवलक्षण!" काकू म्हणाल्या. "भत्ता मागायला गेला होतात की नोकरी?"

"अगं, ठसका लागला होता त्यांना."

"लागू द्यायचा होता. ठसक्यानं कुणी मरत नाही."

"आई, थांब ना," लेक म्हणाली. "अजून एक ओळ आहे. 'रोज संध्याकाळी दूध आणायला एकटे जातात, असे अर्जदारांनी स्वतः सांगितले.'"

"मग?" कॅप्टन ताठ झाले. "ते काय खोटं आहे?"

काकू उठल्या आणि कपबशा गोळा करू लागल्या. त्यातला एक कप अजून भरलेला होता.

कॅप्टन हे त्यांचं नाव नव्हे, हुद्दा. चौकातल्या मोठ्या हॉटेलात ते पोऱ्या म्हणून लागले, वेटर झाले आणि शेवटी सगळ्या वेटरांचे कॅप्टन. त्या धंद्याचा एक नियम त्यांच्या हाडात मुरला होता. मुदपाकात काय वाट्टेल ते होवो, भांडण होवो, भाजो, कापो. मधलं झुलतं दार ओलांडलं की चेहऱ्यावर हसू. गिऱ्हाइकाला आपली अडचण दिसता कामा नये. डोळे कडेकडेनं जायला लागले तेव्हा त्यांनी हाच नियम डोळ्यांनाही लावला. टेबलं पाठ होती. खुर्च्या आत सरकवलेल्या असतील याची ते पोरांना दरडावून खात्री करून घेत. समोरचं तेवढं लख्ख दिसे, अगदी बिलावरचा बारीक आकडासुद्धा; पण त्या लख्ख ठिपक्याच्या भोवती काहीच नव्हतं. अंधारही नव्हता. नुसतं नव्हतं.

मग एका दुपारी एका बाईंनी आपली बॅग वाटेत ठेवली. सूपचं भांडं घेऊन जाताना कॅप्टन त्या बॅगेला अडखळले. सूप त्यांच्याच हातावर सांडलं एवढं नशीब. मालकानं वाईट वागणूक दिली नाही. नुसतं म्हणाला, "कॅप्टन, आता आराम करा." त्यांना ते वाक्य भाजल्यापेक्षा जास्त लागलं.

घरी बसल्यावर त्यांच्याकडे एकच काम उरलं, दुधाचं. संध्याकाळी खुंटीवरची पिशवी घ्यायची, जिना उतरायचा, भिंतीच्या कडेनं औषधांच्या दुकानापर्यंत, तिथून वळून डेअरीपर्यंत, आणि परत. येताना ते शीळ घालत. "बघ," ते म्हणत, "रस्त्याला माणसाची सवय झाली की रस्ताच वाट देतो. एवढी गर्दी, पण मला कुणाचा धक्का नाही. ओळखतात सगळे."

रस्ता वाट देत नव्हता. काकू देत होत्या.

त्या लॉन्ड्रीत इस्त्रीला जात. अर्धी पाळी संपली की घरी न येता त्या जिन्याच्या तोंडाशी, पायऱ्यांच्या बाजूला उभ्या राहत. कॅप्टन उतरले की त्यांच्या पुढे चालू लागत, जरा डावीकडून, त्या नळीत सापडणार नाही अशा. आडवी लावलेली सायकल उभी कर. फळवाल्याची खोकी पायानं आत ढकल. समोरून येणाऱ्यांना हातानंच खूण कर, बाजूला व्हा. दुकानदारांना ठाऊक झालं होतं. तेही ओठावर बोट ठेवत. पायांचा आवाज होऊ नये म्हणून काकूंनी कापडी बूट घेतले होते. "गुडघ्यांना बरे पडतात," असं घरी सांगितलं होतं. परतताना त्या गल्लीच्या मागच्या बाजूनं धावत जिना चढत आणि दार उघडून, "आलात? आज लवकर!" असं म्हणत. धाप लागलेली असे. ती त्यांच्या वयावर खपून जाई.

हे असंच चाललं असतं. पण लॉन्ड्रीच्या मालकिणीनं सांगितलं होतं, पुढच्या महिन्यापासून अर्धी पाळी बंद. यायचं तर दिवसभर, नाहीतर नको. भत्ता मिळाला तर काकूंना काम सोडून घरी राहता येणार होतं. नाही मिळाला तर कॅप्टन सकाळपासून रात्रीपर्यंत गॅस, जिना आणि रस्ता यांच्या स्वाधीन. आणि संध्याकाळी रस्त्यावर पुढे कुणी नाही.

म्हणून अपील केलं. लेकीनं कागद भरले आणि सुनावणीच्या आदल्या रविवारी जेवणाच्या टेबलापाशी तालीम घेतली. ती झाली साहेब.

"या, बसा."

कॅप्टन आले आणि आधी तिचीच खुर्ची नीट करू लागले.

"बाबा!"

"अगं, वाकडी होती."

"वाकडी असू दे. साहेबांच्या खुर्चीला हात लावायचा नाही. त्यांना ठसका लागला, उचकी लागली, टेबलाला आग लागली तरी उठायचं नाही."

"मग हातांचं काय करू?"

"मांडीखाली घ्या," काकू म्हणाल्या.

ते खरंच हातांवर बसले. "शाळेतसुद्धा असा बसलो नव्हतो," म्हणाले, आणि तिघंही हसली. मग लेकीनं विचारलं, "घरी काय काय अडचणी येतात?" आणि कॅप्टननी हसतमुखानं उत्तर दिलं, "तसं काही नाही. सगळं व्यवस्थित आहे."

हसणं थांबलं.

"बाबा, असं बोललात तर परत नाहीच म्हणतील."

"मग काय, रडू त्यांच्यापुढे? मी आंधळा हो, मला वाढा हो?" ते उठले, पिशवी घेतली. "दूध आणतो." काकूंनी कापडी बूट घाईनं पायात सरकवले. लेकीनं ते पाहिलं. तिला माहीत होतं.

रात्री भांडी विसळताना लेक हळूच म्हणाली, "आई, तू सांगितलंस तर काम होईल. ते एकटे जातच नाहीत, हे तूच सांगू शकतेस."

"माहितेय मला."

"मग?"

काकूंनी नळ मोठा सोडला. "दिवसभरात तेवढा एकच वेळ ते पुरुषासारखे चालतात गं. तेही काढून घेऊ?"

सुनावणीची खोली साधीच होती. लांब टेबल, त्यामागे तिघं. मधल्या बाई प्रमुख, त्यांच्या शेजारी एक डॉक्टर आणि पलीकडे एक म्हातारेसे गृहस्थ. पाण्याचा जग इथंही होता. कॅप्टन हात मांडीखाली घेऊन बसले.

डॉक्टरांनी पाण्याबद्दल विचारलं. कॅप्टननी आवाजाचं गणित सांगितलं, तेही इतकं रंगवून की म्हातारे गृहस्थ पुढे सरकून ऐकू लागले. काकूंना दिसत होतं, गाडी पुन्हा त्याच खड्ड्याकडे चालली आहे. हॉटेलातलं हसू चेहऱ्यावर चढलं होतं.

"म्हणजे सरावानं तुम्ही बरंच निभावता," प्रमुख बाई म्हणाल्या. तिरकस नव्हत्या, समजून घेत होत्या. "घराबाहेरही?"

"हो हो. दूध मीच आणतो रोज. एकटाच."

"कधी पडलात, धडकलात?"

"कध्धी नाही."

बाईंनी काहीतरी लिहिलं. मग चष्म्यावरून काकूंकडे पाहिलं. "तुम्हाला काही सांगायचंय?"

काकूंनी आपल्या बुटांकडे पाहिलं. सवयीनं तेच घालून आल्या होत्या.

"ते पडले नाहीत, कारण मी पुढे असते," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"त्यांना माहीत नाही. म्हणजे, नव्हतं." आणि मग त्यांना थांबता आलं नाही. सायकल, खोकी, ओठावर बोट ठेवणारे दुकानदार, मागच्या बाजूनं धावणं. एकदा गटाराचं झाकण काढून ठेवलेलं होतं. तेव्हा दोन अनोळखी माणसांना हात जोडून त्या भोकाच्या अलीकडे उभं करून ठेवलं होतं, कॅप्टन बाजूनं जाईपर्यंत. हे सगळं त्यांनी टेबलाकडे बघून सांगितलं. शेजारच्या खुर्चीकडे बघायची हिंमत नव्हती.

शेजारच्या खुर्चीत कॅप्टननी मांडीखालून हात काढले होते. ते मोकळे हात त्यांच्या गुडघ्यांवर पडून होते. चेहऱ्यावर हसू तसंच होतं. ते उतरवायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

डॉक्टरांनी दवाखान्याचा कागद पुन्हा जवळ ओढला आणि सावकाश वाचला. निघताना म्हाताऱ्या गृहस्थांनी टेबलावरून हात पुढे केला. कॅप्टन त्यांच्या चेहऱ्याकडे बघून नम्रपणे उभे राहिले. हात तसाच पुढे राहिला. मग तो परत गेला, आणि खोलीत सगळ्यांनी तो परत जाताना पाहिला. एकट्या कॅप्टनना सोडून.

परतताना बसमध्ये कॅप्टन आपला स्टॉप जवळ आल्यावर म्हणाले, "रस्त्यात खळीचा वास यायचा. मला वाटायचं, कुणीतरी रोज त्याच वेळी कडक इस्त्रीचे कपडे घरी नेतं."

"अहो..."

"उतरायचंय. दांडा कुठंय सांग."

आजवर कधी त्यांनी दांडा विचारला नव्हता. काकूंनी त्यांचा हात धरून दांड्यावर ठेवला.

अपील मंजूर झालं. लेकीनं फोनवर ओरडूनच सांगितलं. काकूंनी लॉन्ड्री सोडली. मालकिणीनं एक जुनी इस्त्री भेट दिली. आता त्या दिवसभर घरात असतात, आणि कॅप्टन खिडकीशी. रागावलेले नाहीत. हाक मारली तर ओ देतात, चहा चांगला झाला तर चांगला म्हणतात. पण पिशवीला त्यांनी हात लावलेला नाही. काकूंनी एकदा म्हणून पाहिलं, "चला ना, दोघं जाऊ. हात धरून."

"तू जा," ते म्हणाले. "मी आहे इथं."

म्हणून काकू जातात. त्या दिवशीही निघाल्या, तेव्हा खिडकीकडून आवाज आला, "फळवाल्याची खोकी बाहेर असतात. बघून जा."

"बरं," काकू म्हणाल्या. कापडी बूट पायात सरकवून जिना उतरल्या.

औषधांच्या दुकानापाशी कुणीतरी सायकल आडवी लावली होती. काकूंनी ती उचलून भिंतीला नीट टेकवली, पुढचं चाक वळवून आत घेतलं, समोरून येणाऱ्या बाईला हातानं खूण केली, बाजूला व्हा. बाई बाजूला झाली, आणि काकूंच्या मागं कोण येतंय ते बघायला थांबली.

मागं रस्ता मोकळा होता. भिंतीच्या कडेनं कुणीच येत नव्हतं.