ताटातल्या तांदळातलं नाव

आमच्या तळावर मोबाइल गेटपाशीच लॉकरमध्ये ठेवावा लागतो. तळ नेदरलँड्समधला, पण सैन्य दुसऱ्या देशाचं. मी सैनिक नाही. ट्रकच्या सुट्या भागांच्या नोंदी ज्या सॉफ्टवेअरमध्ये होतात, ते सांभाळणाऱ्या कंपनीत मी नोकरी करते. मी राहते त्या डीमनहून ट्रेन, पुढे स्टेशनवर ठेवलेली सायकल, मग गेट. गेटवर पास दाखवायचा, आत जायचं, कमी बोलायचं. कमी बोलणं मला जमतं.

तिसऱ्या वर्षी पासची मुदत संपली. या वेळी फॉर्मसोबत जन्मदाखलाही मागितला होता. मी तो जोडला आणि विसरून गेले. आठवड्याने सुरक्षा अधिकाऱ्याने बोलावलं. त्याच्या टेबलावर माझे दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले होते.

"पासपोर्टमध्ये तुमच्या आईचं नाव हे. जन्मदाखल्यावर वेगळंच. यातली तुमची आई कोणती?"

"दोन्ही."

त्याने पेन खाली ठेवलं. त्या दिवशी माझी कमी बोलायची सवय माझ्यावरच उलटली. मग सांगत बसले. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. माझा जन्म लिहून द्यायला मामा गेला होता, त्याने बहिणीचं त्याला ठाऊक असलेलं नाव सांगितलं. लग्नात मात्र आईचं नाव बदललं होतं.

"म्हणजे आडनाव."

"पहिलं नावसुद्धा."

"कोण बदलतं?"

"नवरा."

"कोर्टात?"

"नाही. ताटात. तांदूळ पसरून त्यात अंगठीने लिहितात."

त्याने काहीतरी लिहून घेतलं. मला ते उलटं वाचता आलं नाही.

निकाल लागेपर्यंत माझ्या गळ्यात लाल पास आला. लाल पास म्हणजे सतत कोणीतरी सोबत हवं. ते काम समोरच्या टेबलावरच्या डच बाईंकडे गेलं. त्या माझ्या आईच्या वयाच्या. मी पाणी आणायला उठले की त्याही उठायच्या. मी टॉयलेटमध्ये गेले की बाहेर उभ्या राहून हलकी शीळ घालायच्या. आधी कधीतरी कॉफी घेताना त्यांनी विचारलं होतं, "आमच्याकडे वाढदिवसाला घरच्यांचंही अभिनंदन करतात. तुझ्या वाढदिवसाला आम्ही तुझ्या आईचंही करणार. नाव काय तिचं?" मी हसून विषय बदलला होता. आता तो प्रश्न सारखा आठवायला लागला. यांना माझ्या आईचं नाव कशाला हवं होतं? मी नाव सांगितलं नाही, हे यांनी कुणाला कळवलं असेल का? मी त्यांच्यावर नजर ठेवू लागले. त्या किती वाजता फोन करतात, कुणाशी आवाज खाली करून बोलतात, हे सगळं मला पाठ झालं. पास गेला तर नोकरी गेली, आणि नोकरी गेली तर इथे राहण्याचा परवानाही फार दिवस टिकला नसता. घरी यातलं मी काहीच सांगितलं नव्हतं.

शेवटी आईला फोन केला.

"माझं नाव त्यांना कशाला हवंय?" ती म्हणाली. "कुणी फसवत नाहीये ना तुला? ओटीपी मागितला का?"

"नाही गं. दोन्ही नावं तुझीच आहेत याचा पुरावा हवाय. गॅझेटमध्ये वगैरे दिलं होतं का?"

"गॅझेट? तुझ्या बाबांनी लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले, झालं. लग्नपत्रिकेवर जुनं नाव आहे, रेशनकार्डावर नवं. मधलं काही नाही."

"आणि जुन्या नावाची सही?"

"विसरले मी ती. तीस वर्षं झाली. मामासुद्धा ताईच म्हणतो."

मग तिने लग्नाच्या अल्बममधल्या एका फोटोचा फोटो पाठवला. फोटोत बाबांचा हात, अंगठी, ताट, तांदळात ओढलेली अक्षरं आणि शेजारी बसलेली आई होती. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून तो फोटो वाचनालयात छापून घेतला. अधिकाऱ्याने कागद हातात घेऊन सगळीकडून फिरवला.

"हे नाव आहे हे मला कसं कळणार?"

"मी वाचून दाखवते." माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी मी सावकाश वाचते. त्यात तांदळातली अक्षरं. दुसऱ्या अक्षराला अडखळले. खोटं बोलणारा माणूस असाच अडखळत असणार, असं मला वाटलं.

तो फोटोच बघत होता. "या तुमच्या आई? त्या ताटाकडे बघत नाहीयेत."

मी पाहिलं. खरंच, ती कॅमेऱ्याबाहेर कुठेतरी पाहत होती. हा फोटो मी लहानपणापासून पाहत आले होते.

"आईंकडून शपथपत्र आणा," तो म्हणाला. "दोन्ही नावांनी सह्या."

आईने सोसायटीतल्या एका वकिलाला गाठलं, नोटरीकडे गेली आणि चौथ्या दिवशी स्कॅन आला. 'वरील दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे,' आणि खाली दोन सह्या. तो कागद दिल्यावर पंधरवड्याने माझा नेहमीचा निळा पास परत मिळाला. डच बाई म्हणाल्या, "बरं झालं. शीळ घालून माझे ओठ दुखायला लागले होते." मी हसले. पण त्यांच्याबद्दलचा संशय पूर्ण गेला नाही, आणि आईचं नाव मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

स्कॅनची एक प्रत माझ्याकडे आहे. नव्या नावाची सही मी प्रगतिपुस्तकांवर पाहिलेली, तशीच आहे, अक्षर अक्षर सुटं, जपून केलेली. वरची, जुन्या नावाची, एका दमात केलेली आहे. शेवटच्या अक्षराची रेघ मागे वळून पहिल्या अक्षराखालून गेली आहे, आणि पेन कुठेही थांबलेलं नाही.

तीस वर्षांत विसरलेली सही अशी येत नाही. आई ती कुठे गिरवत असेल, वर्तमानपत्राच्या कडेला की किराणा यादीच्या मागे, हे मी तिला विचारलं नाही. रविवारी फोनवर तिने विचारलं, "झालं ना काम? चालली ना सही?"

"चालली," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि भाजीवाल्याचा विषय काढला.