रेवसच्या वाटेवरची मोटार
तापल्या लोखंडावर खोबरेल सांडल्याचा वास आला की मला रेवसचा रस्ता आठवतो. एकोणीसशे तीस-बत्तीसचा सुमार असेल. आईच्या पोटात असह्य दुखत होतं आणि तिला लाँचने मुंबईच्या इस्पितळात न्यायचं होतं. आदल्याच दिवशी दादाने आमच्या जुन्या मोटारीचा कार्बोरेटर स्वतः खोलून पुन्हा बसवला होता. मिठागरांपाशी इंजिन आचके देऊ लागलं. "कुठल्यातरी सांध्यातून वारा ओढतंय," दादा म्हणाला. आईच्या सामानातलं खोबरेल तो एकेका सांध्यावर सोडत गेला. एका जागी तेल आत ओढलं गेलं आणि इंजिन एकदम सुरळीत झालं. तिथली पुठ्ठ्याची चकती त्याच्याच हातून वाकडी बसली होती. ती सरळ करून धक्क्यावर पोहोचलो, तर लाँच खाडीत दूर गेलेली. दुसरी संध्याकाळच्या भरतीला. इंजिन चालूच ठेवून दादा स्टिअरिंगवर डोकं टेकून रडू लागला. मागून आई म्हणाली, "रडतोस कशाला रे? बघ, आता कसं गुमान चालतंय तुझं इंजान." संध्याकाळची लाँच यायच्या आत ती गेली. दादाने मोटार पुन्हा कधी चालवली नाही. आज मी आईपेक्षा म्हातारा झालो आहे, पण तेवढ्या वेदनेत तिने त्या आवाजाकडे कान कसा दिला असेल, हे मला अजून उमगत नाही.