शिकलगार डॉक्टरांनी लावलेलं हाड

रोग्याला तोंड उघडायला सांगण्याआधी शिकलगार डॉक्टर विचारायचे, "काय खावंसं वाटतं?" सांगलीच्या त्यांच्या दवाखान्यात मी नवी दंतवैद्य म्हणून लागले, तेव्हा मला हसू यायचं. "दात बघायला आरसा आहे, बाई," ते म्हणायचे. "माणूस विचारल्याशिवाय कळत नाही."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दात गेले की जबड्याचं हाड झिजतं. मग कवळी टिकत नाही, की दात बसवण्यासाठी धातूचा खुंट रोवता येत नाही. तिथे रोग्याच्याच कमरेचं हाड लावलं तर ते धरतं का, याचा डॉक्टरांना ध्यास लागला होता.

वडूजच्या हौसाबाई अशाच आल्या. "कणीस खावंसं वाटतंय," लाजत एवढंच म्हणाल्या. ऑपरेशन झालं, हाड धरलं, पुढे खुंट रोवून दातही बसले. पुण्याच्या परिषदेत डॉक्टरांनी त्यांचे एक्स-रे दाखवले, तेव्हा टाळ्या थांबेनात.

काही दिवसांनी हौसाबाई तपासणीला येईनाशा झाल्या. वर्ष उलटलं. शेवटी आम्हीच एसटीनं वडूजला गेलो. डॉक्टरांना पाहताच त्या दाराआड झाल्या.

"मावशी, बाहेर या."

"कशी येऊ? तुमी लय कष्ट घेतलं, डाक्टर. त्ये हाड म्या राखलं न्हाई. खुंट हलाय लागला अन् पडला. माजंच कायतरी चुकलं."

डॉक्टरांनी तोंड तपासलं. लावलेलं हाड जवळजवळ सगळं विरलं होतं. ते उंबऱ्यावरच बसले.

"तुमचं काही चुकलं नाही, मावशी. हाड असं विरू शकतं, हे मला ठाऊक होतं. तुम्ही नको म्हणाल, म्हणून मी सांगितलं नाही."

"मग वरीसभर म्या उगंच तोंड लपवलं व्हय?"



हौसाबाई सांगलीला येऊन शेवटचा एक्स-रे काढून गेल्या. पुढच्या परिषदेत डॉक्टरांनी तोही दाखवला, आणि आपण काय लपवलं होतं तेही सांगितलं. एक ज्येष्ठ पुटपुटले, "हे चारचौघांत कशाला?" डॉक्टर मान खाली घालून मंचावरून उतरले.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "हौसाबाईंचं पुन्हा करून बघायचं का?"

ते म्हणाले, "त्या म्हणाल्या तर करू. आपण कोणत्या तोंडानं विचारायचं?"

हौसाबाई म्हणाल्या नाहीत. डॉक्टर वारले, तोवर नाहीच.