हाललं तर माझं

मशीन सुरू करण्याआधी ते पकडीतल्या जॉबला चारी बाजूंनी अंगठ्याने रेटत आणि स्वतःशीच म्हणत, "हाललं तर माझं, नाही हाललं तर मशीनचं." जरासं जरी हाललं तरी बटणाला हात नाही. सगळं सोडायचं आणि पुन्हा बसवायचं.

मुलांनो, सुट्टीत आलात की आजोबांच्या ज्या जुन्या मोटारीतून तुम्ही फिरायचात, तिचा कार्बोरेटर आजोबांच्या या मित्रानेच जिवंत ठेवला होता. मानपाड्याला घरापुढेच त्यांचा गाळा होता. पूर्वी तिथे त्यांचं भाताचं शेत होतं. जॉब म्हणजे मशीनवर कामाला घेतलेली वस्तू. त्यांच्याकडे येत ते जुन्या गाड्यांचे कार्बोरेटर: ओतीव, ठिसूळ, वेडेवाकडे, एक बाजू सपाट म्हणून नाही. वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळले तर तडकतात, सैल धरले तर ड्रिल त्यांना गरकन फिरवून अंगावर फेकतं. हाताने धरले तर बोटं जातात. त्यांच्या थोरल्या भावाची दोन गेली होती. म्हणून प्रत्येक प्रकारच्या कार्बोरेटरसाठी ते ॲल्युमिनियमचा ठोकळा कोरून त्याच्या मापाचं घर करत. त्याला ते फिक्स्चर म्हणत. एकाचं घर दुसऱ्याला चालत नसे.

"एवढ्या वेळात दहा कार्बोरेटर झाले असते तुझे," आजोबा त्यांना चिडवत.

"झाले असते की. आणि बोटं आठ राहिली असती."

पुढे त्यांच्याच हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे वाढत जाणार, असंही सांगितलं. आजाराकडेही त्यांनी जॉब म्हणूनच पाहिलं. चहाच्या कपासाठी टेबलात खोबण केली. कप तिथेच ठेवून वाकून पीत. दाढी करताना मनगट टेकवायला लाकडी चौकट केली.

"मलाही एक फिक्स्चर करा," त्यांची बायको म्हणे, "म्हणजे एका जागी बसायला तरी मिळेल."

ड्रिलपाशीही त्यांनी मनगटाला टेकू बसवला आणि काम चालू ठेवलं. आम्हाला वाटलं, जमलं.

आजोबा गेल्यावरही मी मोटार ठेवली होती. तिचा कार्बोरेटर त्यांच्याकडे दिला होता, तो आणायला एका दुपारी गेले, तर मशीन बंद. जॉब बसवलेला. ते अंगठ्याने रेटत होते, थांबत होते, पुन्हा रेटत होते.

"वहिनी, जरा बघा. हे हालतंय की मी?"

मी वाकून पाहिलं. जॉब घट्ट होता. तसं सांगितलं.

"तुम्ही सांगून काय उपयोग? मला कळायला पाहिजे ना."

त्यांनी जॉब सोडवला, फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. "दुसरीकडे दाखवा," म्हणाले. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यानंतर त्या गाळ्यात मशीन चाललं नाही.

फिक्स्चर कुणीतरी न्यावीत म्हणून त्यांनी ओळखीच्या कारखान्यांत विचारलं. माणसं येत, हातात घेऊन कौतुक करत, फोटो काढत आणि ठेवून जात. मुळात त्या गाड्याच फारशा राहिल्या नव्हत्या. मग गाळ्याच्या जागेवर इमारत ठरली.

भंगारवाला आला त्या दिवशी मी तिथे होते. ते आत खाटेवर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. बाहेर टेम्पोत एकेक ठोकळा पडत होता. त्यांची बायको दार लावायला उठली.

"राहू दे," ते म्हणाले.

धप्प.

"हा जीपचा." आवाजावरूनच ओळखलं त्यांनी.

धप्प.

"हा बाळकुमच्या डॉक्टरांच्या स्कूटरचा."

पुन्हा एक आवाज आला.

"वहिनी, तुमचा गेला."

बाहेर भंगारवाल्याला बहुधा उशीर होत होता. उरलेले ठोकळे त्याने घमेल्यात भरले आणि एकदम ओतायला सुरुवात केली. ते थोडा वेळ कान देऊन ऐकत राहिले. मग बायकोला म्हणाले, "आता लाव दार."