लेखी द्या!

सुरुवातीलाच माफी मागतो. माझी शाळा पाचवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या, आणि भारी शब्द तर माझ्याजवळ नाहीतच. पण दर रविवारी वर्ध्याला वकीलसाहेबांच्या ओसरीवर बसून अर्ज उतरवायचं काम मी दोन वर्षं केलं. कोर्टाला सुट्टी असली की साहेब गोरगरिबांच्या मंडळांना आणि लहान धंदेवाल्यांना फुकट सल्ला देत. अर्ज कचेरीत जातात, पण त्यांच्यामागचे किस्से आमच्याकडेच राहतात. आता इतके साचलेत की कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही!

मी त्या ओसरीवर पहिल्यांदा गेलो तो माझ्याच कामासाठी. सेलूजवळच्या आमच्या गावात आम्ही बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर एका पडक्या खोलीत वाचनालय काढलं होतं. गावचे जुने मालगुजार, म्हणजे जमीनदार, म्हणाले, ती खोली आमच्या गोठ्याची. तहसीलदारांची नोटीस आली: नोंदलेली संस्था दाखवा, वाचनालय खरंच चालतं हे दाखवा, नाहीतर खोली खाली करा.

मी ओसरीच्या खांबामागे तासभर उभा होतो. शेवटी साहेबच म्हणाले, "खांबाची काही केस आहे का?"

* * *

माझं अक्षर बघून साहेबांनी मला तिथेच अर्ज उतरवायला बसवलं. साहेबांचा एक नियम होता. फी नाही, आणि फीच्या बदल्यात वांगी-टमाटेसुद्धा नाहीत.

रोहण्याची बॅंडपार्टी आली. पाच जण, भागीदारीचा कागद करायचा होता. साहेबांनी विचारलं, "उद्या भांडण झालं तर ढोल कोणाचा?"

"आमी भांडतच नाई साहेब!" ढोलवाला म्हणाला.

"तू काऊन बोलून राह्यला? म्होरक्या मी हावो ना!" सनईवाला म्हणाला. मग ओसरीवरच जुंपली!

दुपारपर्यंत कागद झाला. पाचही जण इतके खूश झाले की बंगल्यापुढे उभं राहून त्यांनी अर्धा तास वाजवलं. शेजारी एक जज्जसाहेब राहत, त्यांची दुपारची झोप मोडली. त्यांचा चपराशी चिठ्ठी घेऊन आला आणि साहेबांना माफीचं पत्र लिहावं लागलं. तेही मीच उतरवलं.

साहेब म्हणाले, "फी घेतली असती तर एवढे खूश झाले नसते!"

* * *

केळझरची यमुनाबाई बाजारात सुपं-टोपल्या विकायची. बाजाराचा ठेकेदार दर आठवड्याला तिला जागेवरून उठवायचा. आज उकिरड्याजवळ बस, उद्या नाल्याजवळ बस.

साहेबांनी तिला अर्जही लिहून दिला नाही. फक्त म्हणाले, "तो 'ऊठ' म्हणाला की भांडायचं नाही. एवढंच म्हणायचं, लेखी द्या."

पुढच्या बाजारी ठेकेदार आला. "ऊठ वं!"

"लेखी द्या."

"काय?"

"लेखी द्या!"

शेजारची भाजीवाली म्हणाली, "मलेबी लेखी द्या." मग चपलांवाला, मग अख्खी ओळ! ठेकेदार गेला तो परत त्या ओळीकडे फिरकला नाही.

पण बाईला ते औषध फारच लागू पडलं. जावई बायकोला न्यायला आला, तर ही त्याला म्हणे, "परत मारहान करनार नाई, लेखी द्या." त्यानं दिलं!

महिन्यानं ती ओसरीवर आली. साहेब घाईत होते. म्हणाले, "यमुनाबाई, पुढच्या रविवारी या."

यमुनाबाई जागची हलली नाही. "लेखी द्या!"

* * *

आता आमचं वाचनालय. नोंदणीला सात सभासद लागतात आणि त्यांतलाच एक अध्यक्ष. सात जण मिळाले, पण अध्यक्ष व्हायला कोणी तयार होईना. जो तो म्हणे, "कालपरेंत सगळे आपल्या डोक्यावर बसले. आता आपणच आपल्या मानसाच्या डोक्यावर बसाचं का?" मी नियमावलीत लिहून टाकलं: 'अध्यक्ष कोणी नाही. सगळे सारखे.'

साहेब म्हणाले, "भावना चांगली आहे, पण कायद्याला एक तरी माणूस लागतो."

रात्रभर सभा चालली. शेवटी सातांतली सगळ्यात म्हातारी, भागरथामाय, अध्यक्ष झाली. कारण एकच, ती आधीपासूनच सगळ्यांना सारख्या शिव्या द्यायची!

नोंदणीच्या कचेरीत कारकुनानं शाईचा पॅड पुढे केला. सातातल्या पाच जणांना वाचता येत नव्हतं. पण पंधरा दिवस मी त्यांच्याकडून पाटीवर सही गिरवून घेतली होती. भागरथामायनं पॅड बाजूला सारला आणि टाक मागितला.

कारकून घड्याळाकडे बघत म्हणाला, "बाई, अंगठा चालतो."

"तुमाले चालत असन बापा. आमाले नाई चालत!"

सात सह्या होईपर्यंत जेवणाची सुट्टी झाली. कारकून बिचारा डबा उघडून थांबला होता.

* * *

मग तहसीलदारसाहेब मौका, म्हणजे जागा, बघायला आले. नेमकी त्याच दिवशी वकीलसाहेबांची नागपूरला तारीख. "तू बोल," म्हणाले. मी!

आमच्याकडे पेपर सकाळच्या मोटारीनं येतो. मजुरीला जाण्याआधी सगळे जमतात आणि मी मोठ्यानं वाचतो. माणसांकडे बघून मला वाचता येत नव्हतं, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून वाचायचो. कोणी हसायचं नाही. तर मी तहसीलदारांपुढे काय बोलणार! नोंदणीचा कागद तेवढा पुढे केला.

मालगुजारांचा दिवाणजी म्हणाला, "हुजूर, अध्यक्षबाईलाच वाचता येत नाही. कसलं वाचनालय?"

तहसीलदारांनी विचारलं, "आजी, खरं का?"

"खरं हाय. मी वाचत नाई, आयकतो."

"मग आज काय ऐकलं?"

भागरथामायनं डोळे मिटले. "आर्वीले कापसाचा भाव उतरला. पुलगावची एक लाल गाय हरवली, उजवं शिंग मोडलेलं, सापडन त्यानं आनून द्यावी. आन तुमची बदली झाली."

"काय?"

"चांद्याले. तिसऱ्या पानावर हाय."

तहसीलदार दोन दिवसांपासून दौऱ्यावर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वाचा."

मी सवयीनं भिंतीकडे वळलो आणि वाचलं. बदली खरी होती.

त्यांनी पेपर माझ्या हातातून घेऊन स्वतः बघितला. मग सतरंजीवर मांडी घातली, दौत मागवली आणि तिथेच हुकूम लिहायला घेतला: खोली वाचनालयाची.

दिवाणजी पुढे सरकला. "हुजूर, आता आपली बदली झाली ना! हा हुकूम नव्या साहेबांनी..."

तहसीलदारांनी मान वर केली नाही. "मला अजून लेखी काही मिळालेलं नाही," म्हणाले, आणि सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार आली. मी पेपर उघडला, भिंतीला पाठ लावून बसलो आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलो.